कपाट उघडून पाहणे

गांधीजींच्या वस्तीचे शेगाव 1940 साली ‘सेवाग्राम’ झाले. बुलढाण्याकडील शेगावाशी घोटाळा होऊन टपाल चुके. आमच्या एका उत्साही सहकाऱ्याने संगणकातील 1936 च्या पत्रांच्या नकलांतही शेगाव पुसून सेवाग्राम घातले! मूळ पाठ उरला तो केवळ बॅकअपमध्ये, आवळून बांधलेला. सगळाच सोडावा तर डिस्कवर जागा नाही. तेव्हा ‘बोर्ग माउंट’ अशी आज्ञा टंकली. गाठोडे न सोडताच, आम्ही दिलेल्या तारखांच्या नावांचे फोल्डर समोर उभे राहिले, कपाटातल्या कप्प्यांसारखे. त्यांत वाचता येते, खोडता येत नाही; आमच्यासारख्यांसाठी हे बरेच म्हणायचे! दुरुस्ती मंगळवारची होती. सोमवारच्या फोल्डरातून पत्रे उचलली आणि ‘बोर्ग यूमाउंट’ने कपाट लावले.