झेंडा शिवणारे हात
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील मनोगत)



“तिकडे काय करतेस ते पाच मिनिटांत सांग,” असं संयोजकांनी बजावलं आहे. नोकरी-संसाराचं तुम्हाला ठाऊकच आहे. म्हणून मी एका शिवणकामाबद्दल बोलते.

मी अमेरिकेत बाल्टिमोरजवळ राहते. तिथल्या बंदराच्या तोंडाशी फोर्ट मॅकहेन्री नावाचा किल्ला आहे. 1813 साली इंग्रजांशी युद्ध चालू असताना किल्ल्याचे प्रमुख मेजर जॉर्ज आर्मिस्टेड यांनी एक प्रचंड झेंडा मागवला. तो शत्रूला लांबूनही दिसायला हवा होता. काम मिळालं मेरी पिकर्सगिल या विधवा बाईंना. झेंडे शिवणं हा त्यांच्या आईपासूनचा व्यवसाय. झेंडा होता 30 फूट बाय 42 फूट. आपले दोन वर्ग एक केले तरी पुरता पसरला नसता. घरात जागा नव्हती, म्हणून जवळच्या बिअरच्या कारखान्यात परवानगी काढून जमिनीवर बसून तो जोडला. मजुरी-कापडासह मिळाले 405 डॉलर 90 सेंट.

सप्टेंबर 1814 मध्ये इंग्रजांच्या जहाजांनी किल्ल्यावर सुमारे 25 तास तोफा डागल्या. किल्ला पडला नाही. सकाळी वर फडकणारा झेंडा पाहून फ्रान्सिस स्कॉट की यांनी जी कविता लिहिली, तीच 1931 मध्ये अमेरिकेचं राष्ट्रगीत झाली. मूळ झेंडा आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात मंद उजेडात ठेवला आहे. आठवण म्हणून लोकांना तुकडे कापून दिल्यामुळे त्याची लांबी आता 34 फूटच उरली आहे, आणि एक ताराही गेला आहे.

2013 साली मेरीलँड हिस्टॉरिकल सोसायटीनं या झेंड्याची प्रतिकृती करायला घेतली. तीही हातानं, त्याच पद्धतीनं, सहा आठवड्यांत. साधारण तेवढाच वेळ मेरीबाईंना लागला होता. आम्हा सामान्य लोकांनाही टाका घालायला बोलावलं होतं. मी गेले.

काचेआड झेंडा पाहून जे कळत नाही, ते सुई हातात घेतल्यावर कळतं. पट्टा दोन फूट रुंद, पण त्या काळी हे विरळ लोकरी कापड 18 इंचीच यायचं. म्हणजे प्रत्येक पट्टाच आधी जोडून तयार करायचा, मग असे पंधरा पट्टे एकमेकांना जोडायचे. तारे सुती. तारा निळ्या कापडाच्या एका बाजूनं शिवायचा, मग उलट बाजूचं निळं कापड ताऱ्याच्या आकारात कापून कडा दुमडून शिवायच्या, म्हणजे एकच तारा दोन्हीकडून दिसतो. बाई, शिवणाच्या तासाला तुम्ही “टाका बारीक, आणि मागची बाजू पुढच्यासारखी” म्हणून उसवायला लावायचात. तिथं तेच उपयोगी पडलं.

पण मला आज सांगायचं आहे ते ग्रेस विशरबद्दल. मेरीबाईंच्या मदतीला त्यांची तेरा वर्षांची मुलगी कॅरोलाइन होती, भाच्या होत्या, आणि ग्रेस होती. ग्रेसही तेरा वर्षांचीच, कृष्णवर्णीय. घरकाम आणि साधं शिवण शिकण्यासाठी आईनं तिला सहा वर्षांच्या करारानं त्या घरी ठेवलं होतं. वय आपलं आठवीतलं. रात्री बारा-बारा वाजेपर्यंत काम चालायचं, असं कॅरोलाइननं म्हातारपणी पत्रात लिहून ठेवलं. त्यामुळे आईचं कष्ट जगाला कळलं. ग्रेसचं लिहायला कोणी नव्हतं. पुढे या प्रसंगाचं मोठं चित्र काढलं गेलं, त्यातही ती नव्हती. कराराचा कागद उरला, म्हणून निदान नाव तरी उरलं.

शिवताना माझ्या शेजारी कोण होतं, मला माहीत नाही. पण तिथं बसून मला आपली शाळा आठवत होती. घंटा देणारे मामा, पाण्याचे पिंप भरणाऱ्या मावशी. दहा वर्षं रोज त्यांना हाक मारली, पण त्यांची पूर्ण नावं मला सांगता येणार नाहीत. तुमच्यापैकी किती जणांना येतील?

संपादक मंडळाला एक विनंती. या स्मरणिकेत मुख्याध्यापकांची आणि शिक्षकांची यादी असेलच. तिच्याखाली मामा-मावशींचीही नावं छापा, आडनावासकट. शाळेच्या जुन्या हजेरीपटात, पगारपत्रकात ती नक्की सापडतील. कुणाला आठवत असतील तर आज जेवणाआधी लिहून द्या. शोधायचं काम मी करीन, परत जायला अजून तीन आठवडे आहेत.