गाणारी आणि ऐकणाऱ्या
(वर्धापनदिनी मंडळात केलेले भाषण)



मी सातवी शिकलेली बाई. गाण्यातले मला कळत नाही, हे आधीच सांगते, म्हणजे चुकले तर हसू नका. पण मिरजेत संसार करून वीस वर्षे झाली, आणि मिरजेत राहून गाण्यावर चार शब्द बोलायला बंदी नसावी.

आपल्या गावची तंबोरा-सतार देशभर जाते. पंढरपूरकडचे भोपळे येतात, आपल्याच गल्लीत ते घासूनपुसून त्यांचा तंबोरा होतो. बायकांचा तंबोरा पुरुषांच्यापेक्षा लहान असतो, हे मला इथे आल्यावर कळले. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली सरकारी भौगोलिक मानांकनही मिळाले. तेव्हा आपण पेढे वाटले. गाणे मात्र ऐकले नाही!

आता कबुलीच देते. गेल्या वर्षीच्या आपल्या हळदीकुंकवाला एका मुलीला गायला बोलावले होते. कार्यक्रमाची यादी माझ्या हातात होती. तिने तंबोरा लावला, आणि दुसऱ्या ओळीत साड्यांचे भाव सुरू झाले. मागे मुलांचा दंगा. खेळाची बक्षिसे द्यायची राहिली होती म्हणून मीच तिला चिठ्ठी पाठवली, 'आवरते घ्या.' तिने गाणे तिथेच आवरले आणि हात जोडले. मी नारळ आणि खण घेऊन गेले, तर ती म्हणाली, "काकू, ऐकायला कोणी नसले तरी चालते. घरी मी रोज तशीच गाते. पण समोर बसून कोणी ऐकत नसले, की सूर सापडत नाही." रागावली नव्हती ती. रागावली असती तर बरे झाले असते.

त्या रात्री मला हिराबाई बडोदेकर आठवल्या. १९०५ साली आपल्या मिरजेतच त्या जन्मल्या, खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांची लेक. बाईने जाहीर मैफलीत गाणे हेच लोकांना खपत नसे, तेव्हा तिकीट लावून गाणाऱ्या पहिल्या गायिकांत त्यांचे नाव घेतात. साधी नेसलेली, हातवारे नाहीत, शांत बसून गाणारी बाई. अशा बायका गाऊ लागल्या म्हणून घरंदाज बायकाही गाणे ऐकायला घराबाहेर पडल्या, असे माझ्या सासूबाई सांगत. गाणारीने एवढे केले. ऐकणाऱ्यांनी काय केले?

खाँसाहेब १९३७ साली गेले. ते इथेच मीरासाहेबांच्या दर्ग्यात विसावले आहेत. दरवर्षी उरुसात तिथे गाणे होते. मोठमोठे गायक येतात, बिदागी न घेता हजेरी लावतात. भीमसेनजी, गंगूबाई हनगल, सगळे येऊन गेले. आमचे घर तिथून पाच मिनिटांवर. वीस वर्षे मी ते गाणे पोळ्या लाटता लाटता ऐकले! यंदा मात्र सासूबाईंना जेवण वाढून मी जाऊन बसले. शेजारी दवाखान्यात पेशंट घेऊन आलेल्या एक खेड्यातल्या आजी होत्या. त्यांना राग माहीत नाही, मलाही नाही. पण गवई डोळे मिटून गात होते, आणि आजी गुडघ्यावर बोट धरून बसल्या होत्या, श्वास रोखून. कोणी 'वाहवा' म्हणाले तर त्या दचकत.

सगळा दोष आपलाच, असेही नाही हं. काही कलावंत आपल्याच गावच्या लोकांना 'यांना काय कळते' म्हणतात, तासभर उशिरा येतात, आणि मग मुले रडली की कपाळाला आठ्या घालतात. बायकांना मुले घेऊनच यावे लागते, हे त्यांनीही ध्यानात घ्यावे.

त्या मुलीला मी परत बोलावले आहे. 'येते' म्हणाली, पण लगेच नाही म्हणाली. दोन दिवस विचार करून म्हणाली. पुढच्या महिन्यात, दुपारी तीनला. चहा गाण्याआधी होईल. मुलांना मागच्या खोलीत मी आणि सुनंदाताई आळीपाळीने सांभाळू. बक्षिसे दुसऱ्या दिवशी. बिदागी पाकिटात, नारळाखेरीज. आणि यादी यावेळी माझ्या हातात देऊ नका.