पाहुणचाराचा सातबारा

समोर बसलेल्या, कृषी पर्यटन केंद्रं चालवणाऱ्या मैत्रिणींनो आणि मंडपाच्या कडेला उभ्या असलेल्या बंधूंनो,

या परिषदेच्या अध्यक्ष व्हा म्हणून तुम्ही आलात, तेव्हा मी म्हटलं होतं, पर्यटनातलं मला काय कळतंय? तुमच्यातली एक जण पटकन म्हणाली, "पालखीच्या दिवसांत तुमच्या घरी किती पंगती उठायच्या, ते आठवा." एवढ्याच पात्रतेवर मी आज पणदऱ्यात उभी आहे.

तुकोबांची पालखी बारामतीवरून काटेवाडीला येते, तिथं मेंढ्यांचं रिंगण होतं, मग सणसर, मग इंदापूरकडं. आमचं घर त्याच वाटेवरचं. पहाटे तीनला आजी चूल पेटवायची. पिठलं, भाकरी, खर्डा. कोण कुठला वारकरी, विचारायचं नाही. जेवला की पुढं गेला. पुण्य घराला लागायचं, पाठ आजीची धरायची. तिनं त्याबद्दल तक्रार केल्याचं मला आठवत नाही. पण तिला कुणी विचारल्याचंही आठवत नाही.

पुढं याच बारामती तालुक्यात, पळशीवाडीत, पांडुरंग तावरे यांनी 2005 मध्ये कृषी पर्यटनाचा प्रयोग सुरू केला. शहरातला माणूस पैसे देऊन भाकरी खायला येईल, यावर तेव्हा गावोगावी लोक हसले असतील. आज हुरड्याच्या दिवसांत तुमच्यातल्या कित्येकींना श्वास घ्यायला सवड नसते. जाहिरातीत काय असतं? बैलगाडी असते, ऊस असतो, झोका असतो. पण माणूस परत येतो तो चुलीवरच्या भाकरीसाठी, ठेच्यासाठी. आजी जे पुण्यासाठी करायची, त्याला दर लागला. फक्त पावती कुणाच्या नावानं फाटते, हे अजून कुणी नीट पाहिलेलं नाही.

गेल्या हिवाळ्यात मी एका केंद्रावर गेले होते. नाव सांगत नाही. मालकांनी तासभर माहिती दिली, उत्तम दिली. निघताना मी म्हटलं, स्वयंपाक फार चांगला झाला, कुणी केला? "घरच्यांनी," ते म्हणाले. घरचे म्हणजे कोण? तेव्हा कुठं आतून हात पुसत एक बाई बाहेर आल्या. गल्ल्याजवळच्या क्यूआर कोडवर मालकांचं नाव होतं. चुलीजवळ अर्थात क्यूआर कोड लावता येत नाही, धुरानं काळा होईल!

इंदापूर तालुक्यात कुंभारगावला जा. उजनीच्या फुगवट्यावर रोहित पक्षी उतरतात आणि ते बघायला लांबलांबून, परदेशांतूनसुद्धा, माणसं येतात. होडी वल्हवणारा भोई दादा पक्ष्यांची इंग्रजी नावं घडाघडा सांगतो. त्याचं मला कौतुकच आहे. धरणात गाव गेलं, त्याच पाण्यावर या लोकांनी नवा धंदा उभा केला. पण होडीवर बहुतेक पुरुष, आणि दुपारच्या मासळीच्या थाळीमागं बाई. फोटो होडीवाल्याचा निघतो, बक्षिसीही त्यालाच मिळते.

हे आपल्याकडंच असं आहे, असं समजू नका. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यटन संघटनेनं 2019 मध्ये जगभरच्या पर्यटनातल्या स्त्रियांवर अहवाल काढला. एकूण रोजगारात स्त्रिया 39 टक्के, पर्यटनात मात्र 54 टक्के. आणि मजुरी पुरुषांपेक्षा 14.7 टक्के कमी. ही पगारी कामाची गोष्ट झाली. "घरच्यांनी" केलेल्या कामाला मुळात मजुरीच नाही, तर ती किती टक्क्यांनी कमी म्हणायची?

इथं मला पार्वतीबाई आठवले आठवतात. कर्व्यांच्या आश्रमासाठी आयुष्य वेचलेली ही कोकणातली विधवा बाई 1918 मध्ये अमेरिकेला गेली. इंग्रजी जेमतेम. तिथं लोकांच्या घरी घरकाम करून तिनं दिवस काढले आणि पुढं 'माझी कहाणी'त ते लिहिलं. मला त्यात एक गंमत दिसते. ज्या कामाला इथं जन्मभर कुणी काम म्हटलं नसतं, त्याच कामाचे तिला परक्या देशात पैसे मिळाले. भांडी तीच, बाई तीच.

आता सरकारी योजनेकडं येते, कारण पुढच्या सत्रात तुम्ही तेच विचारणार आहात. राज्यानं 2023 मध्ये 'आई' हे महिला पर्यटन धोरण आणलं. व्यवसाय बाईच्या मालकीचा हवा, तो तिनंच चालवायला हवा. मग 15 लाखांपर्यंतच्या कर्जाचं व्याज ठरावीक मर्यादेत परत मिळतं. धोरण चांगलं आहे, नावही गोड आहे. पण नीट ऐका: सरकार परत देतं ते व्याज. कर्ज देते बँक, आणि बँक बऱ्याचदा तारण मागते. कृषी पर्यटन केंद्राच्या नोंदणीलाही सातबारा लागतोच. देशात बायकांच्या नावावरची वहिवाट 2015-16 च्या कृषिगणनेत सुमारे 14 टक्के होती. म्हणजे 'आई'च्या दारापर्यंत पोचायला आधी तलाठ्याच्या दारातून जावं लागतं.

हा प्रश्न नवा नाही. 1986 मध्ये चांदवडला शेतकरी संघटनेचं महिला अधिवेशन भरलं, त्यातून पुढं लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम आला आणि अनेक शेतकऱ्यांनी बायकोच्या नावावर जमीन केली. आता संयुक्त राष्ट्रांनी 2026 हे महिला शेतकऱ्यांचं वर्ष ठरवलं आहे. फलक लागतील, सत्कार होतील. शाल मलाही आवडते, खोटं कशाला बोलू? पण त्या वर्षात प्रत्येकीनं घरी एकच विषय काढावा: केंद्र ज्या गुंठ्यांवर उभं आहे, तेवढ्यापुरतं माझं नाव सातबाऱ्यावर लावा. सगळी जमीन नको म्हणावं, नाहीतर जेवताना ताट सरकवलं जाईल.

भाषण लांबलं. मंडपामागून मघापासून फोडणीचा वास येतोय. तिथं दहा-बारा बायका सकाळपासून आपला स्वयंपाक करताहेत, आणि परिषद त्यांच्याच कामावर भरली आहे. अध्यक्ष म्हणून मला एक अधिकार आहे, तो वापरते. पहिली पंगत त्यांची बसेल. वाढायला कडेला उभे असलेले बंधू येतील. आणि त्या जेवून इथं पुढच्या खुर्च्यांवर येऊन बसेपर्यंत दुसरं सत्र सुरू होणार नाही.