वही आपल्या हातात हवी
(संघटनेच्या तरुण कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेलं भाषण)



द्वेष पसरवणाऱ्या संघटनांवर नजर ठेवणारे काही गट जगात आहेत. त्यांच्याबद्दल मला आज बोलायला सांगितलंय. नजर ठेवणं म्हटलं की आपल्याला पोलीस आठवतो, जंगलचा गार्ड आठवतो. लिहिणं म्हटलं की पंचनामा आठवतो. लिहिणारा तो, अंगठा आपला. त्यात काय लिहिलं होतं ते कोर्टात उभं राहिल्यावर कळतं. म्हणून पाड्यावर कोणी वही काढली की म्हातारी माणसं गप्प होतात. त्यात त्यांची काही चूक नाय.

पण तीच वही मार खाणाऱ्याच्या हातात आली तर काय होतं, ते सांगतो.

अमेरिकेत कू क्लक्स क्लॅन नावाची संघटना आहे. १८६५ साली तिथली गुलामी संपली, त्यानंतर ती निघाली. देश गोऱ्यांचाच, काळ्यांनी दबून राहावं, हे तिचं म्हणणं. रात्री तोंड झाकून यायचं, घर जाळायचं, माणूस झाडाला टांगायचा. अशांना तिकडे कडवे उजवे म्हणतात. अलाबामा राज्यात सदर्न पॉव्हर्टी लॉ सेंटर ही वकिलांची संस्था आहे. तिने १९८१ साली क्लॅनवर नजर ठेवायला वेगळा विभाग काढला, नाव क्लॅनवॉच. कुठे सभा झाली, कोण काय बोललं, पत्रकात काय छापलं, ते सगळं जमा करायचं. इंग्लंडमध्ये 'सर्चलाइट' नावाचं मासिक १९७५ पासून असंच काम करायचं.

त्याच १९८१ साली अलाबामातल्या मोबाइल शहरात मायकल डोनाल्ड या १९ वर्षांच्या काळ्या पोराला क्लॅनच्या माणसांनी मारलं आणि झाडाला लटकवलं. मारणाऱ्या दोघांना पुढे शिक्षा झाली. पण दोन माणसं आत गेली म्हणून संघटना संपते का? ती म्हणणार, त्यांनी आपल्या मनाने केलं, आमचा संबंध नाय. पोराची आई ब्यूला मे डोनाल्ड हिने या वकिलांच्या मदतीने थेट संघटनेवर दावा लावला. कोर्टात काय काढलं? संघटनेच्या जुन्या हिंसेचा इतिहास. आणि क्लॅनच्याच पत्रात छापून आलेलं एक चित्र, गळ्यात फास असलेल्या काळ्या माणसाचं. म्हणजे ही शिकवण वरूनच येत होती. १९८७ साली ज्यूरीने ७० लाख डॉलर भरपाई ठरवली. संघटनेकडे एवढा पैसा नव्हता. तिची मुख्य कचेरीची इमारत त्या आईच्या नावावर झाली.

आपण असली पत्रकं चुलीत घालतो. त्यांनी ती जपून ठेवली.

आता दुसरी गोष्ट ऐका. ही आपल्यासारख्याच लोकांची आहे. अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यात ओजिब्वे नावाचे आदिवासी राहतात, त्यांना चिप्पेवा पण म्हणतात. त्यांनी १८३७, १८४२ आणि १८५४ साली सरकारशी करार केले. जमीन गेली, पण शिकार, मासेमारी आणि रानातलं गोळा करायचा हक्क त्यांनी राखून ठेवला. पुढे सरकारने तो मानलाच नाय. १९७४ साली ट्रिबल आडनावाच्या दोघा भावांनी मुद्दाम हद्दीबाहेरच्या तळ्यात भाल्याने मासे मारले आणि अटक करून घेतली. नऊ वर्षं केस चालली. १९८३ साली वरच्या कोर्टाने सांगितलं, हक्क जिवंत आहे.

बर्फ वितळलं की वसंतात रात्री दिवा घेऊन होडीतून भाल्याने मासे मारायचे, ही त्यांची रीत. आपण चूड घेऊन खेकडे धरतो तशीच. त्यांच्या एका वस्तीचं नावच लॅक ड्यू फ्लाम्बो, म्हणजे मशालींचं तळं.

कोर्टाचा निकाल आला आणि तळ्याच्या काठावर गर्दी जमू लागली. १९८७ ते १९९१ दर वसंतात शेकडो लोक यायचे. दगड मारायचे, गलोलीने गोळ्या मारायचे, मोटरबोटीने लाटा उठवून होड्या हलवायचे. बायकांना घाण शिव्या, जिवे मारायच्या धमक्या. आणि संघटनांची नावं कशी? 'अमेरिकनांचे हक्क आणि साधनसंपत्ती वाचवा', 'कराराचा गैरवापर थांबवा'. बाहेर सांगताना म्हणायचे, आम्हाला जातीचं काही नाय, आम्ही मासे वाचवतोय, सगळ्यांना सारखा कायदा हवा. आदिवासी जंगल खातो, हे आपण पण ऐकतोच ना?

तेव्हा ओजिब्वेंच्या बाजूने साक्षीदार उभे राहिले. त्यांत आदिवासी होते, गोरे पण होते. त्यांना आधी शिकवलं जायचं. काठावर उभं राहायचं, उलट शिवी द्यायची नाय, अंगावर जायचं नाय. वही, कॅमेरा आणि टेप घेऊन जे दिसतं आणि ऐकू येतं ते नोंदवायचं. दुसऱ्या बाजूला माशांचा हिशोब. भाल्याने मारलेला प्रत्येक मासा काठावर मोजला जायचा. १९९१ साली सरकारच्या पाहणीचा अहवाल आला, की भाल्याच्या मासेमारीने तळ्यातले मासे संपत नाहीत. म्हणजे मुख्य आरोपच खोटा.

मच्छीमारांनी कोर्टात दावा लावला. १९९१ साली न्यायाधीश बार्बरा क्रॅब यांनी त्रास देणाऱ्यांना मनाई हुकूम दिला. प्रकरण अपिलात गेलं. तिथे प्रश्न हाच होता, की हा राग माशांपायी होता की जातीपायी? उत्तर कशातून निघालं? विरोधकांनी प्रत्यक्ष काय शब्द वापरले, त्यातून. नुसतं 'शिवीगाळ केली' असं लिहिलं असतं तर ते निसटले असते. शब्द जसाच्या तसा होता म्हणून अडकले.

तिसरं उदाहरण छोटं आहे. मोंटाना राज्यात ह्यूमन राइट्स नेटवर्क नावाचा गट १९९० पासून काम करतो. त्यांनी २००० साली आदिवासीविरोधी चळवळीवर अहवाल काढला. एका गावातून बघितलं तर वाटतं, चार शेतकरी चिडलेत. दहा गावांच्या नोंदी शेजारी ठेवल्या की तीच पत्रकं, तेच वक्ते, तेच शब्द दिसतात. मग कळतं की राग आपोआप उगवलेला नाय, कोणीतरी पेरतोय.

या गटांकडून आपण काय शिकायचं?

एक, पाहिलं ते वेगळं लिहा, ऐकलं ते वेगळं लिहा. 'लोक म्हणतात' हा पुरावा होत नाही. एक खोटी नोंद सापडली की शंभर खऱ्या नोंदी कोर्टात बुडतात.

दोन, तारीख, वेळ, जागा, किती माणसं, आणि शब्द जसेच्या तसे. शब्द कितीही घाणेरडा असला तरी.

तीन, एकट्याने जायचं नाय. दोघं पाहिजेत, आणि दोघांनी भांडणात पडायचं नाय.

चार, नक्कल दुसऱ्या गावी ठेवा. १९८३ साली त्या वकिलांची कचेरी क्लॅनवाल्यांनी जाळली होती. आपलं तर घर कुडाचं आहे.

पाच, आपल्याला माहिती देणाऱ्या बाईचं, म्हाताऱ्याचं नाव त्यांना विचारल्याशिवाय कुठे द्यायचं नाय. चोरून कोणाच्या घरात डोकवायचं नाय. जाहीर सभा, जाहीर पत्रक, उघड केलेली मारहाण, एवढंच आपलं काम. नायतर आपल्यात आणि खबऱ्यात फरक काय राहिला?

आता दोन गोष्टी कायम ध्यानात ठेवा.

पहिली, साक्षीदारांनी हक्क मिळवून दिला नाय. हक्क टिकला तो दगड खात होडीत उभ्या राहिलेल्या माणसांमुळे. १९८९ साली सरकारने लॅक ड्यू फ्लाम्बोच्या लोकांना कोट्यवधी डॉलर देऊ केले, भाल्याची मासेमारी थांबवा म्हणून. लोकांनी मतदान घेतलं आणि नाही म्हणाले. तो निर्णय कुठल्या वहीने घेतला नाय, लोकांनी घेतला. आपण प्लॉट कसायचा थांबलो तर नुसती वही भरून काय उपयोग?

दुसरी, नोंद कृत्याची ठेवा, माणसाला जन्मभराचा वैरी म्हणून लिहू नका. त्याच विस्कॉन्सिनमध्ये क्रँडन इथे मोठी खाण येणार होती, पाणी नासणार होतं. तेव्हा आदिवासींबरोबर मासेमारीचा छंद असलेले गोरे लोकही विरोधात उभे राहिले. त्यांच्यातल्या काहींचा आधी कराराला विरोध होता. २००३ साली तिथल्या दोन आदिवासी जमातींनी ती खाणीची जागाच विकत घेतली. आपला शेजारचा बिगर-आदिवासी शेतकरी पण कोणाच्या तरी सांगण्यावरून चिडलेला असतो. सांगणारा कोण ते वहीत शोधा. शेजाऱ्याशी बोलणं तोडू नका.

म्हणून माझं मागणं एवढंच आहे. प्रत्येक पाड्याने दोन जण निवडावे, त्यातली एक बाई असावी. लिहिता येणारा पोरगा लिहील, पण काय घडलं ते बघणाऱ्याने सांगायचं, आणि लिहिलेलं सगळ्यांसमोर मोठ्याने वाचून दाखवायचं. पंचनाम्यात आपल्याला कोणी वाचून दाखवत नाय. आपल्या वहीत वाचून दाखवल्याशिवाय अंगठा घ्यायचा नाय. जुनी दंडाची पावती, नोटीस, भिंतीवर चिकटवलेलं पत्रक जे काय असेल, ते त्याच वहीत डिंकाने चिकटवा. पुढच्या बैठकीला येताना वही घेऊन या. दहा पाड्यांच्या वह्या एकत्र उघडू आणि कुठला शब्द कुठून कुठे गेला ते बघू.

जिंदाबाद!