वीस रुपयांचा विमा आणि खालच्या मजल्याचे छत



इंदिरानगरच्या आमच्या शाखेत येणाऱ्या मराठी खातेदारांत कुणी बेळगाव-निपाणीकडचे आहेत, तर कुणी विटा-आटपाडीहून गलाईच्या धंद्यासाठी आलेल्या घरांतले. त्यांतलाच एक तरुण एसी बसवण्याचे काम करतो. शंभर फुटी रस्ता, बारावा मेन, सीएमएच रोड इथली हॉटेले आणि ऑफिसे त्याला बारमाही काम देतात. गेल्या उन्हाळ्यात तो मुदत ठेव मोडायला आला. ठेव मुलीच्या शिक्षणासाठी होती आणि मुदत संपायला वर्ष बाकी होते.

मी कारण विचारले. एका ऑफिसात एसी बसवून, पैसे घेऊन तो मोकळा झाला होता. चार दिवसांनी ड्रेन पाईपचा सांधा सुटला. रात्रभर पाणी गळले. खालच्या दुकानाचे छत आणि दोन संगणक खराब झाले. दुकानदाराने भरपाई मागितली. हा मला म्हणाला, "मॅडम, माझा विमा आहे ना? दरवर्षी खात्यातून वीस रुपये जातात."

ते वीस रुपये प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचे. वय १८ ते ७० असलेल्या खातेदाराचा अपघाती मृत्यू झाला किंवा पूर्ण कायमचे अपंगत्व आले तर २ लाख रुपये मिळतात. योजना चांगलीच आहे, ती चालू ठेवा. पण तो विमा तुमच्या जिवाचा आहे. तुमच्या कामामुळे दुसऱ्याचे नुकसान झाले तर तो उपयोगी पडत नाही.

त्यासाठी वेगळा विमा असतो. त्याला दायित्व विमा किंवा लायबिलिटी इन्शुरन्स म्हणतात. स्कूटरचा थर्ड पार्टी विमा आपण सगळेच भरतो, तसाच हा तुमच्या कामाचा. स्कूटरला कायद्याची सक्ती आहे. भोपाळच्या दुर्घटनेनंतर १९९१ मध्ये घातक रसायने हाताळणाऱ्यांवरही अशा विम्याची सक्ती झाली. एसी मेकॅनिक त्या कायद्याच्या यादीत नाही. पण विम्याची सक्ती नाही म्हणून भरपाईची जबाबदारी टळत नाही.

आणि एकट्याच्या मालकीच्या धंद्यात ही जबाबदारी थेट घरापर्यंत येते. धंद्याचे चालू खाते वेगळे आणि घरचे बचत खाते वेगळे, ही विभागणी आपल्या सोयीची. कायद्याच्या नजरेत धंदा आणि मालक एकच. भरपाई धंद्याच्या पैशांतून भागली नाही तर ठेवीला हात लागतो.

पॉलिसी घेताना एजंटला हे प्रश्न विचारा.

एक, काम पूर्ण करून निघून गेल्यावर झालेले नुकसान यात धरले आहे का? पाईप चार दिवसांनी सुटतो, आऊटडोअर युनिटचा ब्रॅकेट पावसाळ्यात ढिला होतो. हे कलम नसेल तर आमच्या खातेदारासारख्या प्रसंगी पॉलिसी असूनही हात रिकामे राहतील.

दोन, एका अपघाताला जास्तीत जास्त किती, वर्षभरात किती आणि त्यातले आधी मी स्वतः किती भरायचे?

तीन, कशाचे पैसे मिळणार नाहीत? बिघडलेले स्वतःचे काम पुन्हा करण्याचा खर्च आणि दुरुस्तीला घेतलेले यंत्र सहसा वगळलेले असते.

चार, हाताखालच्या मुलांचे काय? कामावर दुखापत झालेल्या कामगाराला भरपाई देण्याची जबाबदारी १९२३ च्या कायद्यापासून मालकावर आहे. त्याचा विमा वेगळा घ्यावा लागतो.

अर्जात खरे ते लिहा. तांब्याच्या पाईपला ज्योतीने डाग देता, आर-३२ सारखा पेट घेऊ शकणारा गॅस भरता, उंचावर चढून काम करता, हे लपवले तर दाव्याच्या वेळी तेच अंगाशी येते. प्रीमियम जमा झाल्याशिवाय जोखीम सुरू होत नाही, म्हणून पॉलिसीवरची सुरुवातीची तारीख वाचा. नुकसान झालेच, तर फोटो काढा आणि लगेच विमा कंपनीला कळवा. तिला न विचारता 'सगळे भरून देतो' असे लिहून देऊ नका.

ज्यांच्या घरी किंवा दुकानात एसी बसणार आहे त्यांनीही मेकॅनिकला विचारावे, "दादा, तुमचा थर्ड पार्टी विमा आहे का?" त्यात दोघांचेही हित आहे.

हा विमा आमच्याच शाखेतून घ्या, असे माझे म्हणणे नाही. दोन-तीन कंपन्यांचे दर आणि अटी शेजारी ठेवून बघा.

त्या तरुणाची ठेव मोडावी लागली आणि व्याजही कमी मिळाले. यंदा मोसम सुरू होण्याआधी तो पॉलिसीचे कागद घेऊन आला आणि म्हणाला, "मॅडम, पहिला प्रश्न विचारूनच घेतलीय." त्याच दिवशी त्याने मुलीच्या नावाने नवे आवर्ती खाते उघडले.