चूक आमची होती

खर्डीच्या वर्गात आम्ही परीक्षा घेतली. सगळ्यांनी धडा घडाघडा म्हटला. आम्ही खूश! मग एका मावशींना मधलाच शब्द दाखवला. त्या गप्प. धडा पाठ होता, वाचता येत नव्हता. चूक त्यांची नव्हे, आमची.

ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला काम सुरू केले, पुढे ते कोसबाडला नेले. गुरे राखणारी मुले शाळेत येईनात, तेव्हा त्यांनी शाळाच कुरणात नेली. हे आठवून आम्हीही रीत बदलली. आता स्टेशनची पाटी, रेशनचे कार्ड, भाताच्या वजनाची पावती, हीच आमची परीक्षा.

परवा मावशींनी पाटी वाचली. रफाराशी जरा अडल्या, मग म्हणाल्या, "खर्डी!"

तुम्हांला समजले नाही, तर लाजू नका. आम्हांला थांबवा, विचारा.