मेडिकलची जागा निवडताना : एका बापाचा कबुलीजबाब
(आपल्या मंडळाच्या गणेशोत्सवातील 'पालक-सभेत' केलेले भाषण)



कार्यकारिणीने मला बोलावलं तेव्हा मी विचारलं, "अहो, मी कारखान्यातला माणूस. मेडिकल प्रवेशावर मी काय बोलणार? एखाद्या डॉक्टरांना बोलवा." त्यावर सचिव म्हणाले, "डॉक्टर यशाबद्दल बोलतील. तुम्ही चुकीबद्दल बोला." सचिवांना सगळं माहीत असतं! तेव्हा आजचं भाषण म्हणजे एक कबुलीजबाब समजा.

गणपतीने आईवडिलांना प्रदक्षिणा घातली आणि पृथ्वीप्रदक्षिणेचं पुण्य मिळवलं. आमच्याकडे बारावीचं वर्ष आलं की उलटं होतं. आईवडीलच मुलाभोवती वर्षभर प्रदक्षिणा घालतात. २०२५ साली 'नीट' परीक्षेला २२ लाखांहून जास्त मुलं बसली. तिथपर्यंतच्या तयारीबद्दल सगळे बोलतात. पण चांगले गुण मिळाल्यावर, समोर दोन-तीन वाटा एकदम उघडतात तेव्हा काय करायचं, हे आम्हाला कोणीच सांगितलं नव्हतं. गुण कमी पडले तर निदान डोकं शांत असतं. गुण पुरेसे पडले की घरात वादळ सुरू होतं.

आमच्या घरची गोष्ट २०२२ सालची. मुलीला बऱ्यापैकी गुण पडले. तीन वाटा होत्या. पहिली, इथल्या राज्य कोट्यातून रायपूरच्या जुन्या सरकारी कॉलेजची बऱ्यापैकी खात्रीची आशा. १९६३ साली सुरू झालेलं कॉलेज, भिलाईहून तासाभराच्या अंतरावर. दुसरी, देशभराच्या १५ टक्के कोट्याच्या पहिल्या फेरीत शेजारच्या मध्य प्रदेशातलं एक जुनं सरकारी कॉलेज प्रत्यक्ष मिळालेलं. तिसरी, माझे थोरले बंधू पुण्याहून रोज फोन करून सुचवत होते ती, म्हणजे अभिमत विद्यापीठाची. "पोरगी आपल्या माणसांत राहील रे," असं ते म्हणायचे.

आम्ही मध्य प्रदेशात जाऊन प्रवेश घेतला. तिथल्या बाबूंनी विचारलं, "अपग्रेडेशन चाहिए?" मी म्हटलं, "हाँ." वरची जागा मिळाली तर मिळाली, नाही तर ही आहेच, असा माझा हिशोब. दुसऱ्या फेरीची पसंतीयादी मुलीने भरली. सात नावं. शेवटच्या रात्री ती झोपली, आणि मी संगणकासमोर बसलो. महाराष्ट्रातली तीन सरकारी कॉलेजं मी तिच्या यादीत सर्वांत वर घातली आणि यादी लॉक केली. त्यातलं एक अगदी नवं होतं. मी ते पाहिलेलं नव्हतं. पण गावाचं नाव ओळखीचं, आजोळच्या वाटेवरचं!

निकालात तेच आलं. आणि नवं कॉलेज मिळताच जुनी जागा आपोआप रद्द झाली. हा नियम माहितीपुस्तिकेत छापलेला होता. मी वाचला नव्हता. ब्लास्ट फर्नेसचं मॅन्युअल पाठ असलेला माणूस मी, पण मुलीच्या आयुष्याचं मॅन्युअल वाचायला मला वेळ नव्हता. दुसऱ्या फेरीची जागा स्वीकारली आणि रायपूरचा रस्ताही बंद झाला.

मुलगी एका शब्दानेही रागावली नाही. फक्त म्हणाली, "बाबा, मला उठवायचं होतंत."

आता चूक नेमकी काय होती, ते सांगतो. नवं कॉलेज म्हणजे वाईट कॉलेज, असं मी मुळीच म्हणत नाही. आपल्या शेजारचं रायपूरचं एम्स २०१२ सालचं. आज तिथे ओपीडीला पहाटेपासून रांगा लागतात. नागपूरचं एम्स २०१८ सालचं. २०१४ नंतर जिल्हा रुग्णालयांना जोडून सरकारने अनेक कॉलेजं काढली. २०१४ पूर्वी देशात ३८७ मेडिकल कॉलेजं आणि एमबीबीएसच्या ५१,३४८ जागा होत्या. २०२४ मध्ये कॉलेजं ७५०च्या वर गेली, जागा एक लाखाच्या वर. त्यामुळेच तर आपल्यासारख्यांच्या मुलांना वाव मिळाला. पण कॉलेजची इमारत दोन वर्षांत उभी राहते, रुग्णालयाला रुजायला जास्त वेळ लागतो. माझ्या मुलीच्या कॉलेजात मोठा आजार दिसला की रुग्णाला अँब्युलन्समध्ये घालून मोठ्या शहरात पाठवतात. ती सुट्टीत आली तेव्हा म्हणाली, "बाबा, केस इंटरेस्टिंग झाली की आम्ही तिला टाटा करतो." एका खाटेभोवती पंधरा मुलं उभी राहतात आणि मागच्यांना फक्त पुढच्यांच्या पाठी दिसतात.

मेडिकलची मुलं पुस्तकातून निम्मंच शिकतात. उरलेलं त्यांना रुग्ण शिकवतो. म्हणून माझं पहिलं सांगणं, कॉलेज निवडू नका, त्याचं रुग्णालय निवडा. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२३ च्या निकषांप्रमाणे १०० जागांच्या कॉलेजला ४२० खाटा लागतात, १५० जागांना ६०५. पण खाटा कागदावर असतात, रुग्ण खाटेवर असावा लागतो. तेव्हा सोमवारी किंवा मंगळवारी सकाळी दहा वाजता प्रत्यक्ष जा. केसपेपरच्या खिडकीपाशी अर्धा तास उभे राहा. प्रसूती कक्ष आणि अपघात विभाग चोवीस तास चालतो का, बघा. मग कँटीनमध्ये एखाद्या इंटर्नला चहा पाजा आणि विचारा, "तू स्वतःच्या हाताने किती बाळंतपणं केलीस? किती टाके घातलेस?" प्राचार्यांच्या केबिनमध्ये जे कळणार नाही, ते त्या चहाच्या कपात कळेल.

दुसरं सांगणं पैशाचं आणि बाँडचं. अभिमत विद्यापीठांच्या जागा केंद्रीय समुपदेशनातूनच भरतात, तिथे अधिवासाची अट नाही. म्हणून बाहेरच्या मराठी माणसाला तो सोपा दरवाजा वाटतो. पण महाराष्ट्रातल्या काही अभिमत विद्यापीठांची फी वर्षाला २० लाखांच्या वर आहे. २२ लाख धरले तर साडेचार वर्षांचे ९९ लाख. हॉस्टेल, मेस वेगळं. आणि एमबीबीएस हा आता शेवट राहिलेला नाही, पुढे पदव्युत्तर शिक्षण आहेच. ग्रॅच्युइटी, प्रॉव्हिडंट फंड आणि गावाकडची जमीन मोडून पहिल्या पायरीवरच सगळं संपवायचं का, याचा विचार नवरा-बायकोने मुलासमोर बसून करावा. मुलापासून लपवू नये. मी बंधूंना नाही म्हटलं ते याच हिशोबामुळे. ते वर्षभर रुसले, पण मला त्याचा पश्चात्ताप नाही.

सरकारी कॉलेज स्वस्त, पण बहुतेक राज्यांत बाँड असतो. महाराष्ट्रात एमबीबीएसनंतर एक वर्षाची सेवा, नाही तर दंड. आपल्या छत्तीसगडातही ग्रामीण सेवेची अट आहे. हे बाँड वैध असल्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली दिलेला आहे, त्यामुळे 'पुढचं पुढे बघू' म्हणू नका. पुण्याच्या ए.एफ.एम.सी.त शिकलं तर सैन्यदलात अधिकारी म्हणून सेवा करावी लागते. ज्याला ते जीवन आवडतं त्याच्यासाठी ती सन्मानाची वाट आहे. ज्याला आवडत नाही त्याने फक्त फी बघून जाऊ नये. बाँड म्हणजे शिक्षाही नव्हे. आपल्या कारखान्याच्या सेक्टर नाइनच्या हॉस्पिटलात जे जुने डॉक्टर आपण पाहिले, त्यांतले कितीतरी आडगावी काम करूनच तयार झाले. मुद्दा एवढाच, की सही करण्यापूर्वी मुलाला ठाऊक असावं.

तिसरं सांगणं खास आपल्यासाठी. आपण पोटापाण्यासाठी महाराष्ट्र सोडला. आपल्या मुलांची दहावी-बारावी इथे झाली. महाराष्ट्राच्या राज्य कोट्यासाठी साधारणपणे अधिवासाचा दाखला लागतो आणि दहावी-बारावीही तिथूनच झालेली लागते. बदलीवरच्या सरकारी कर्मचाऱ्यांसारखे मोजके अपवाद आहेत. काही पालक मग नववीतच मुलाला मामाकडे पाठवतात. माझ्या मते तो घाटा आहे. जिथे मूल वाढलं त्या राज्याचा कोटा हा त्याचा हक्क आहे, तो सोडून दूरच्या हक्कामागे धावू नये. आणि १५ टक्क्यांचा देशभराचा कोटा आहेच. त्याचं मूळ सर्वोच्च न्यायालयाच्या १९८४ च्या प्रदीप जैन निकालात आहे. सगळ्या जागा आपापल्या राज्यातल्या मुलांसाठीच राखून ठेवणं न्यायालयाला मान्य नव्हतं. पुढे जानेवारी २०२५ मध्ये पदव्युत्तर वैद्यकीय प्रवेशातलं रहिवासावर आधारित आरक्षणच न्यायालयाने घटनाबाह्य ठरवलं. काही प्रमाणात संस्थेच्या स्वतःच्या विद्यार्थ्यांना प्राधान्य मात्र चालतं. म्हणजे 'पुढे महाराष्ट्रात यायचं तर एमबीबीएसही तिथूनच हवं' ही भीती आता पूर्वीइतकी राहिली नाही.

भाषेचंही सांगतो. रुग्णाच्या तोंडून हकीकत ऐकता आली नाही तर निदान कसं होणार? आपल्या मुलांना हिंदी येते, बरीचशी छत्तीसगडी येते. 'पेट पिरावत हे' म्हटलं की त्यांना कळतं. तमिळनाडूत किंवा कर्नाटकात गेलं तर पहिल्या वर्षीच तिथली भाषा शिकण्याची तयारी हवी. माझ्या चुकीतून एक चांगलं निघालं ते इथेच. मुलीची मराठी घरची आणि या मंडपातल्या बालनाट्यांची. वॉर्डातल्या आजीबाईंनी तिला विचारलं, "तू कोणत्या गावची गं?" ही म्हणाली, "भिलाईची." आजी म्हणाल्या, "असू दे, बोलतेस तर आमच्यासारखी." त्या दिवशी तिने फोनवर अर्धा तास गप्पा मारल्या. मला बरं वाटलं, पण चूक ती चूकच.

आता शेवटचं आणि महत्त्वाचं. पसंतीयादी कशी भरावी? यादी वरून खाली वाचली जाते आणि गुणानुक्रमात जी पहिली जागा बसते ती मिळते. म्हणून खऱ्या आवडीच्या क्रमानेच भरा. इथे चतुराई करू नका. जिथे जायचं नाही ते नाव यादीत घालूच नका. अपग्रेडेशनला 'हो' म्हणण्यापूर्वी हातातल्या जागेच्या वरचं प्रत्येक नाव बोटाने दाखवून मुलाला विचारा, "ही मिळाली आणि आत्ताची गेली, तर चालेल?" एकाला जरी 'नाही' आलं तरी ते नाव काढा. अलीकडच्या वर्षांत पहिल्या फेरीची जागा सोडली तर अनामत जात नाही, दुसऱ्या फेरीपासून जाते. पण नियम दरवर्षी बदलतात, तेव्हा त्या वर्षीची पुस्तिका आईवडील आणि मूल अशा तिघांनी वाचा. आणि लॉकचं बटण मुलाच्याच हाताने दाबू द्या.

मित्रहो, आजपासून दीडशे वर्षांच्या आत एका मराठी मुलीने महाराष्ट्राबाहेरच, बंगालमधल्या श्रीरामपूरला, याच विषयावर भाषण केलं होतं. नवरा पोस्टात, बदलीवर. म्हणजे आपल्यासारखंच कुटुंब! २४ फेब्रुवारी १८८३ रोजी आनंदीबाई जोशींनी तिथल्या कॉलेजात उभं राहून, आपण डॉक्टर व्हायला अमेरिकेलाच का जातो, हे सांगितलं. हिंदुस्थानात मद्रासचं कॉलेज होतं, इतरत्र सुईणींचे वर्ग होते, तिथे आपल्याला हवं ते शिक्षण का मिळणार नाही, हे तिने मुद्देसूद मांडलं. तिचं वय अठराच्या आत होतं, आजच्या नीटच्या मुलांएवढं. तिने कॉलेज निवडलं ते शिक्षण बघून. लोक काय म्हणतील आणि ठिकाण किती लांब आहे, याचं उत्तर तिने स्वतः दिलं. १८८६ साली ती पेनसिल्व्हेनियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर झाली.

त्या रात्री यादीत वरची तीन नावं घालताना मी मुलीचं शिक्षण बघत नव्हतो. तीस वर्षांपूर्वी सोडलेल्या घराकडे परत जायची माझी इच्छा मी तिच्या नावाने भरत होतो. हे कळायला मला दोन वर्षं लागली. मुलगी आता निम्म्याहून जास्त वाट चालून गेली आहे. सुट्टीत मोठ्या रुग्णालयात जाऊन बघते, शिकते, जे कमी पडतं ते भरून काढते. ती चांगली डॉक्टर होईल, याबद्दल मला शंका नाही. पण ती माझ्या निवडीमुळे होणार नाही.

आपल्यापैकी ज्यांच्या घरी पुढच्या वर्षी ही वेळ येणार आहे, त्यांनी मला केव्हाही विचारावं. आणि त्या रात्री काही बदलावंसं वाटलं, तर एकच करा. आधी मुलाला उठवा.

फार बोललो. आरतीची वेळ झाली. गणपती बाप्पा मोरया!